दाजींचा अंगठा

माणसाने देवभक्त असावं, पण हातात वस्तरा असताना असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सांगतो. माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सलून चालवतात आणि दुसऱ्या खुर्चीवर मी असतो. नवं गिऱ्हाईक येतं, खुर्चीत रेलतं, मान मागे टाकतं, गळ्याला फेस लागतो, आणि मग त्याला आरशात दिसतं की हा झुबकेदार मिशांचा माणूस वस्तरा उचलायच्या आधी डोळे मिटून कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस करतो आहे. त्या वेळी गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. एक जण तर फेसासकट उठून बसला आणि आत्ताच सांगा, काही धोका आहे का, म्हणून विचारू लागला.

मी पुष्कळदा सुचवलं की दाजी, हे आतल्या खोलीत पाणी तापवताना उरकून या, देवाला काय, भिंतीतूनही दिसतं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. देवाला दिसावं म्हणून करत नाही, मला आठवावं म्हणून करतो, म्हणायचे. चारचौघांसमोर हाताने क्रूस केला की त्याच हाताने वेडंवाकडं काही करायची माणसाला लाज वाटते. एवढं बोलून ते पट्ट्यावर वस्तरा घासायला लागायचे आणि मी गप्प बसायचो. वस्तरा घासणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, एवढी अक्कल मला आहे.

आमच्या आरशावर, जिथे इतर सलूनमध्ये नटनट्यांचे फोटो असतात, तिथे लाकडी क्रूस आहे. खाली तुरटीचा खडा, पावडरचा डबा, ब्रश, पाण्याची बाटली. दुपारी ताईचा डबा आला की दाजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हात जोडणार, आणि बाकावर वाट बघणारी माणसं, ज्यांचा आमच्या चर्चशी काडीचा संबंध नाही, तीही पेपर खाली ठेवून उगीचच गंभीर होणार. रविवारी सकाळी, जेव्हा साऱ्या गावाच्या दाढ्या वाढलेल्या असतात, तेव्हा आमचं शटर बंद, कारण दाजी मिस्सेला, म्हणजे चर्चच्या उपासनेला. मीही मिस्सेला जातो, पण मागच्या दाराशी उभा राहतो. गर्दीत कोणाला धक्का नको, हा माझा विचार.

पण या सगळ्याहून मोठा घोटाळा म्हणजे आमच्या सलूनमध्ये कोणाची निंदा करायला बंदी होती. आता मला सांगा, माणूस सलूनमध्ये काय नुसते केस कापायला येतो? कोणी सुरुवात केली की अमक्याची सून बघा, तमक्याचा जावई बघा, की दाजी अगदी प्रेमाने गरम टॉवेल घेऊन यायचे आणि चेहऱ्यावर दाबायचे, तोंडापासून सुरुवात करून. आतून बोलणं चालूच असायचं, पण कळत काही नसे. टॉवेल निघेपर्यंत त्या माणसाचा विषयही निवलेला असायचा. त्यामुळे सगळ्या रस्त्यावर एक गोष्ट पक्की झाली होती. दाजी कोणाबद्दल वाईट बोलत नाहीत.

आमच्या बरोबर समोर दुसरं सलून आहे. त्याच्या मालकांना सगळे ‘समोरचे’च म्हणतात. आमच्या आधीपासून तिथे आहेत, वयाने वडीलधारे, हात सुरेख, आणि जीभ त्यांच्या वस्तऱ्यापेक्षा धारदार. ते आमच्या चर्चचे नव्हेत. दाजींच्या क्रूसावर त्यांनी एक विनोद केला होता आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, की जो माणूस वस्तरा धरण्याआधी देवाला बोलावतो, त्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नसतो. विनोद चांगला होता. मलाही आवडला होता, पण मी घरचा माणूस, हसलो नाही.

दाजींना तो लागला. देवावरून कोणी काही बोललं तर ते सोसतात, पण हातावरून बोलणं त्यांना सोसवत नाही. शनिवारी बाक भरलेला असताना एका गिऱ्हाइकाने तोच विनोद पुन्हा सांगितला आणि वर म्हणाला, "आणि त्यांचेच हात हल्ली थरथरतात हो. का कोण जाणे."

दाजी टॉवेल पिळत होते. मला वाटलं, आता हा टॉवेल याच्या तोंडावर बसणार. तसं झालं नाही. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा बाहेर काढला आणि तोंडाकडे नेऊन जरासा तिरका केला. बाटली. बस्स, एवढंच.

बाकावर हशा पिकला. हसून झाल्यावर एक जण हळूच म्हणाला, दाजी म्हणतात म्हणजे खरंच असणार. दुसरा कोणी तो अंगठा दाखवता तर लोक विसरून गेले असते. रोज नव्याण्णव खोट्या गोष्टी जिथे सांगितल्या जातात तिथे शंभरावी कोण लक्षात ठेवतो? पण इतकी वर्षं कोणाबद्दल वाईट न बोलल्याची सगळी पुण्याई त्या अंगठ्याच्या पाठीशी उभी राहिली. दुकान बंद करताना मी चिडवलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी बोललो का काही?" ते खरं होतं. शब्द एकही नव्हता.

मग समोरची गिऱ्हाइकं आमच्याकडे यायला लागली. आधी एकदोन, मग पुष्कळ. लग्नाच्या दिवसापासून समोरच्यांकडे दाढी करणारे एक गृहस्थ येऊन बसले तेव्हा मात्र मलाही चमत्कारिक वाटलं. समोरचे रिकाम्या दुकानात मांडीवरच्या पेपरवर हात टेकून बसलेले दिसायचे आणि तो पेपर हलत असायचा. दाजी आरशातून ते बघायचे आणि आरसा पुसायला घ्यायचे. आरसा काही मळलेला नव्हता.

एके दिवशी भर दुपारी, दुकानात आम्ही दोघेच असताना, ताई डबा घेऊन आली. सकाळी दवाखान्यात ती समोरच्यांच्या बायकोशेजारी बसली होती. ताईने सांगितलं की समोरच्यांना कंपवात झाला आहे. हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लागला की थांबतो. आयुष्यात त्यांनी दारूला स्पर्श केलेला नाही. पण कोणीतरी उठवलं आहे की पितात, आणि पिणाऱ्याच्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल? त्या बाई दवाखान्यात सगळ्यांसमोर रडल्या. दुकान गेलं तर हात रिकामाच राहणार, आणि रिकामा राहिला की थरथरणारच.

"कोण असेल हो असा मेला?" ताईने विचारलं.

दाजींनी जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी नुकताच क्रूस केला होता. हात उजव्या खांद्यावरच राहिला.

"मी," ते म्हणाले.

ताईने डब्याचं झाकण लावलं आणि डबा परत घेऊन गेली. आमच्या घरात याच्यापलीकडे शिक्षा नाही. त्यात माझीही पोळी होती, पण असल्या वेळी न्याय मागायचा नसतो.

दुसऱ्या दिवसापासून दाजींनी चूक निस्तरायला घेतली, आणि ती आणखीच चिघळली. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे की समोरचे पीत नाहीत, तो आजार आहे, मी चुकलो. लोक ऐकून घ्यायचे, एकमेकांकडे बघायचे आणि बाहेर पडल्यावर म्हणायचे, काय देवमाणूस आहे, स्वतःवर ओढून घेतो पण दारुड्यालाही पाठीशी घालतो! जितकं नाकारावं तितकं ते पक्कं होत गेलं. चांगुलपणाचं इतकं नाव झालेल्या माणसाचं खोटंही खरं ठरतं आणि खरंही खोटं ठरतं, हे मी तेव्हा पाहिलं. दाजींचा चेहरा उतरला. माझी चेष्टासुद्धा त्या दिवसांत बंद होती, यावरून काय ते समजा.

शनिवारी संध्याकाळी ते चर्चमध्ये कन्फेशनला, पापाची कबुली द्यायला गेले. आत काय झालं ते देव, फादर आणि दाजी जाणोत. बाहेर आले ते गेले त्याहून लांब चेहऱ्याने. मी विचारलं, तर एवढंच म्हणाले, "जे घेतलं ते परत कर, असं फादर म्हणाले."

रविवारी ताईच्या धाकाने मला पुढच्या बाकापाशी, दाजींच्या शेजारी उभं राहावं लागलं. शुभवर्तमान वाचण्याआधी आम्ही अंगठ्याने तीन छोटे क्रूस करतो, कपाळावर, ओठांवर आणि काळजावर. देवाचा शब्द डोक्यात राहो, तोंडी राहो, मनात राहो, असा त्याचा अर्थ. हात इतका सरावलेला असतो की आपण करतो आहोत हे कळतही नाही. दाजींनी कपाळावर क्रूस केला. मग अंगठा ओठांपाशी आला आणि तिथेच अडकला. फादर वाचत राहिले, सगळे ऐकत राहिले, आणि दाजी तोंडाजवळ अंगठा धरून तसेच उभे. डोळ्यांतून पाणी मिशीत उतरत होतं. मी दुसरीकडे बघितलं.

मिस्सा संपली तसे ते तडक निघाले. सगळं चर्च आमच्या रस्त्यावरूनच घरी जातं, तेव्हा रस्ता भरलेला होता. दाजी रविवारच्या पांढऱ्या शर्टात समोरच्यांच्या दुकानात शिरले. मी मागे. समोरचे एकटेच होते. दाजी खुर्चीत बसले आणि दार उघडंच ठेवून, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"तुमच्याबद्दल खोटं मी पसरवलं. तोंडाने नाही, या अंगठ्याने. तुम्ही पीत नाही, तुम्हाला आजार आहे. तरी तुम्ही पिता असं मी दाखवलं. माझी दाढी करा. मिशीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

सगळ्या ऐहिक गोष्टींत त्यांचा जीव असेल तर तो मिशीत. तिला मलाही कात्री लावू देत नसत. सख्खा मेहुणा मी, तोही कारागीर.

समोरच्यांनी कापड झटकलं आणि दाजींच्या मानेभोवती बांधलं. गाठ मारून हात मोकळा झाला तसा थरथरायला लागला. ब्रश उचलता उचलता फेस कापडावर सांडला. दारात माणसं जमली होती. अन्याय झालेला माणूस हातात वस्तरा घेऊन अन्याय करणाऱ्याच्या गळ्याशी उभा होता. मी मनातल्या मनात ताईला काय सांगायचं ते जुळवत होतो.

वस्तरा गळ्याजवळ आला आणि थांबला.

"तुमचं ते करून घ्या," समोरचे म्हणाले. "मी थांबतो."

दाजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. हात कापडाखाली होते, तेव्हा त्यांनी कापडाखालूनच क्रूस केला. कापड तंबूसारखं वर गेलं, डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. एरवी मी हसून लोळलो असतो. मग वस्तऱ्याचं पातं कातडीला टेकलं आणि समोरच्यांचा हात असा स्थिर झाला की मला माझ्या हाताची लाज वाटली. एक ओरखडा नाही. दाढी झाली, आणि शेवटी शांतपणे, दोन फटक्यांत, त्यांनी मिशीही उतरवली. न्याय म्हटला तर न्याय होता.

मिशीखाली एक बारीकसा, भाबडा ओठ निघाला. तो ताईनेही लग्नापासून पाहिला नव्हता. तिने दारातच पाहिला, कपाळाला हात लावला, आणि मग हसू आवरत नाही म्हणून आत गेली. त्या दिवशी आम्हाला जेवायला मिळालं.

पुढचे कितीतरी दिवस भेटेल तो विचारायचा, दाजी, मिशी कुठे गेली? दाजी उभे राहून सगळं सांगायचे, अंगठ्यासकट. आणि आता लोकांना पटायला लागलं. शब्दावर विश्वास न ठेवणारे लोक मिशीवर ठेवतात. समोरचं दुकान हळूहळू भरलं, आमचा बाक मोकळा झाला, आणि मी कुरकुर केली की मिशी जरा अर्धीच दिली असती तरी चाललं असतं. दाजींनी माझ्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला.

परवा समोरचे रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. आपले केस आपल्याला कापता येत नाहीत, त्याला कोणाचा इलाज नाही. बाकावर माणसं होती. केस झाल्यावर मान साफ करायला दाजींनी वस्तरा उचलायच्या आधी क्रूस केला तेव्हा समोरचे मोठ्याने म्हणाले, "माझी मान आहे. देवाला दोनदा बोलवा." सगळे हसले. दाजींनी खरोखरच दोनदा केला.

मग मला दिसलं की कापड हलतं आहे. समोरच्यांचे हात मांडीवर रिकामे होते आणि कापडाखाली थरथरत होते. बाकावरचा एक जण मान लांब करून बघायला लागला होता. दाजींनी हातातला कंगवा कापडाखाली सरकवला आणि म्हणाले, "हा जरा धरता का? मला ठेवायला जागा नाही."

आरशाखालच्या फळकुटावर हवी तेवढी जागा होती. समोरच्यांनी कंगवा धरला, आणि कापड स्थिर झालं.