स्क्रिप्चरचा तास

स्क्रिप्चर या शब्दाने मला जितका ताप दिला, तितका दुसऱ्या कुठल्याही इंग्रजी शब्दाने दिला नाही. अमरावतीच्या आमच्या मिशनशाळेत रोज पहिला तास स्क्रिप्चरचा. शब्दकोशात अर्थ ‘पवित्र धर्मग्रंथ’, म्हणजे कुणाचाही. शाळेत मात्र तो एकाच पुस्तकाला लावत. हे घरी कळलं आणि माझ्या बाने फर्मान काढलं, “उद्यापासून शाळा बंद. तिथं दुसऱ्याचा धरम शिकवून राहिले.”

मी तर जीव तोडून इंग्रजी शिकत होते. बापुढे शब्दकोशच उघडून ठेवला. म्हटलं, यात साऱ्याइचेच ग्रंथ येतात.

“मंग आपली पोथी बी येते का त्यात?”

“येते.”

“तं उद्या मी घेऊन येतो. वाचू देतीन तं शीक.”

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, लाल फडक्यात बांधलेली पोथी डोक्यावर घेऊन बा वर्गाच्या दारात हजर. एरवी त्या डोक्यावर वांग्यांची टोपली असायची. स्क्रिप्चर शिकवणारी गोरी मडम भली बाई. मी चाचरत इंग्रजीत सगळं सांगितलं, तर तिने हसून परवानगी दिली, बाच्या सांगण्यावरून पायातले बूटही काढले. मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! बा मांडी घालून बसला आणि सूर लावून वाचायला लागला. तासाची घंटा झाली, हिशेबाचे मास्तर दारात खोळंबले, मुली तोंडात पदर कोंबून हसू लागल्या, तरी याचं चालूच. मी खुणावलं तर म्हणतो, “अध्याय पुरा झाल्याबिगर पोथी बांधत नसतात.” आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण मडमला कोण सांगणार? तेही मीच सांगितलं. तिने बिचारीने ऐकून घेतलं.

अध्याय संपला. बाने सगळ्यांना साखर-खोबरं वाटलं, मडमच्याही हातावर ठेवलं आणि म्हणाला, “आता तुमची वाचा. मी आयकतो.”

मडमने त्या दिवसाच्या धड्यापुरत्या चार ओळी वाचल्या, मी त्या मराठीत सांगितल्या आणि तिने पुस्तक मिटलं. बा वाट बघत बसला.

“बाकीचं?”

“बाकीचं उद्या. इथं रोज थोडं थोडंच वाचतात.”

तो उठला, मडमला हात जोडले आणि मला घेऊन रस्त्याला लागला. “ज्याइले आपलीच पोथी अर्ध्यावर सोडाले काई वाटत नाई, ते तुले का शिकवतीन?”

इतकं सगळं निस्तरून शेवटी हे! संतापाने मला रडू कोसळलं. रडत रडतच मी ओरडले, “माहं इंग्रजीचं पुस्तक अर्धंच झालं, त्याचं का?”

“ते का पोथी हाय?” बा म्हणाला आणि चालत राहिला.