बराकपूरची कासुंदी आणि एका शब्दाचा घोळ

कलकत्त्याला जायचं ठरलं तेव्हा आधीच्या दौऱ्याची बॅग अजून रिकामीही झाली नव्हती. त्यातलेच दोन कुडते काढले, दोन धुतलेले कोंबले आणि निघाले. पूर्वी प्रवास म्हटला की आदल्या दिवशी झोप लागायची नाही. हल्ली विमानात खिडकी मिळाली की डोकं टेकवायचं आणि डोळे मिटायचे, एवढाच उत्साह उरलाय.

माझी नोकरी काय ते सांगून टाकते, कारण ती माझ्या आईलाही अजून नीट कळलेली नाही. आमचा फंड मोठ्या लोकांचे पैसे गोळा करतो आणि चांगल्या चालणाऱ्या कौटुंबिक कंपन्यांत मोठा हिस्सा घेतो. मग तिथे पगारी सीईओ बसवायचा, नवी यंत्रं आणायची, माल नव्या शहरांत न्यायचा. पाच-सहा वर्षांत कंपनी वाढली की हिस्सा विकून आपण बाहेर! यात कोणाला कुठे बसवायचं, हा आराखडा माझ्याकडे असतो.

या वेळची कंपनी कासुंदीची. कासुंदी म्हणजे मोहरी आंबवून केलेली झणझणीत चटणी. पहिल्याच बोटाला नाकातून पाणी येतं. कारखाना बराकपूरला, पण मालक वसंतकाका आपले मराठी. त्यांचे आजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. काकांचं मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. त्यांची मुलगी मिताली आता धंदा बघते. तिच्या मराठीला मात्र बंगालीची फोडणी.

विमानतळावरून न्यू टाउन जवळ आहे, ॲपची टॅक्सी पटकन मिळते. रस्ते रुंद, इमारती काचेच्या. आपण कुठल्याही शहरात असू शकतो असं वाटायला लावणारा भाग. मीटिंग तिथेच होती. मी पडद्यावर पाच वर्षांनंतरची कंपनी दाखवली. चौकोन, चौकोनात पदं, वर सीईओ, बाजूला विक्रीप्रमुख म्हणून मिताली. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि "जरा थकलोय" म्हणून लवकर उठले.

"विक्री दुप्पट करायची आम्ही पूर्ण चेष्टा करू," मिताली गंभीरपणे म्हणाली.

मी फिस्सकन हसले. मग तिनेच समजावलं, की बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. दोघी मनसोक्त हसलो. संध्याकाळी तिचा फोन आला.

"ताई, बाबा घरी आल्यापासून काही बोलत नाहीत. त्यांना खूप अभिमान झालाय."

"होणारच गं! आयुष्य घातलंय त्यांनी यात."

"मग उद्या येता का घरी?"

"उद्या कशाला? परवा सह्यांना भेटूच की."

मुंबईला कळवून टाकलं, मालक खूश आहेत. आणि कित्येक महिन्यांनी मला एक अख्खा दिवस मोकळा मिळाला.

तो दिवस मी छान उधळला. न्यू टाउनहून रिक्षाने सेक्टर फाइव्ह, तिथून मेट्रोने थेट एस्प्लनेड. तुम्हीही असंच करा. टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त, शिवाय गारेगार. सुट्टे पैसे जवळ ठेवा, फुटपाथवरचे विक्रेते मोठी नोट बघून तोंड वाकडं करतात. सकाळी कचुरी आणि बटाट्याची भाजी, दुपारी अंड्याचा रोल, वर मातीच्या भांड्यातलं गोड दही. या सगळ्याला मुंबईतल्या एका कॉफीपेक्षा कमी पैसे लागले. पाय दुखेस्तोवर भटकले. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी न्यू टाउनला वकील हजर, कागद हजर, आणि मिताली एकटी.

"बाबा येणार नाहीत. मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"काय सांगितलं होतंस?"

"अभिमान झालाय म्हणून!" तिचे डोळे भरले. "आपल्या माणसाने दुखावलं की होतो ना, तो. मग दुसऱ्याने येऊन समजूत काढायची असते. ते काल दिवसभर तुमची वाट बघत होते."

मी खुर्चीत बसूनच राहिले. चेष्टेवर हसले होते मी, पण अभिमान मला जसा हवा होता तसाच ऐकू आला होता.

दोघी लगेच निघालो. मेट्रोने सियालदा, तिथून बराकपूरची गाडी. दुपारी उलट्या दिशेला निवांत जागा मिळते आणि तिकीट अगदी किरकोळ. टॅक्सीने जाऊ नका, बी. टी. रोडच्या गर्दीत अडकाल.

काका व्हरांड्यात बसले होते. चहा आला, बिस्किटं आली. मग म्हणाले, "त्या चौकोनांत मी कुठे होतो?"

कुठेच नव्हते. आमच्या धंद्याची ही रीतच आहे. संस्थापक समोर असला की कामगार नव्या सीईओचं ऐकत नाहीत, म्हणून त्याला आधी बाजूला करायचं. आराखडा मीच केला होता.

"मला पगार नको, खुर्ची नको," काका म्हणाले. "मी तुम्हाला हवा आहे की नाही, एवढं एकदा विचारायचं होतंत."

खरं बोलायला त्राण लागतं. माझ्यात नव्हतं. सह्या व्हाव्यात आणि घरी जावं, एवढंच डोक्यात होतं.

"काका, तुमच्याशिवाय कसं चालेल?" मी म्हटलं. "नवे सीईओ आले की स्वतः तुम्हाला बोलावतील."

म्हातारा माणूस लहान मुलासारखा खुलला. मला पोटभर लुची, म्हणजे मैद्याच्या पांढऱ्या पुऱ्या, वाढल्या, संध्याकाळी स्वतः न्यू टाउनला येऊन सह्या केल्या, निघताना कासुंदीच्या सहा बाटल्या दिल्या. चेक-इनच्या बॅगेत नीट गुंडाळून ठेवा, हातातल्या बॅगेतून नेऊ देत नाहीत.

घरी येऊन आता महिना होत आला. कलकत्त्याचं काय राहिलं म्हणाल, तर एस्प्लनेडचा तो मोकळा दिवस आठवतो आणि लगेच आठवतं, की तेव्हा बराकपूरला कोणीतरी वाट बघत होतं. सीईओ रुजू झालेत. आकडे चांगले आहेत. वरिष्ठ माझ्यावर खूश आहेत.

काल मितालीचा फोन आला.

"ताई, बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. जेवायला हाक मारेपर्यंत बदलत नाहीत. कधी बोलावणार त्यांना?"

मी "बघते" म्हणणार होते. तोंडाशी आलाही शब्द.

"नाही बोलावणार गं," मी म्हटलं. "तसं ठरलेलंच नव्हतं. मी खोटं बोलले."

ती अगदी शांतपणे, शुद्ध मराठीत म्हणाली, "मग हे त्यांना तुम्हीच येऊन सांगा."

शनिवारचं तिकीट काढलंय. कंपनीच्या खात्यावर नाही, माझ्या.