भागीच्या दंडावरची राख

धर्मा, मी घर सोडलं तेव्हा तू बापाच्या शेजारी मिठागरावर होतास. मी बांधावर उभा राहून म्हणालो, "जातो." बापाने मीठ ओढायचं थांबवलं नाही. पाठ न वळवताच म्हणाला, "देवीच्या कामात हात घालाया जातंस. जा. हात भाजंल तवा इकडं नको येव." आई मात्र खाडीपर्यंत आली.

तुझी वहिनी चांगुणा जाऊन महिना झाला. तू आला नाहीस. त्याबद्दल हे पत्र नाही. कळव्याचा सोयरा सांगत होता, देवी काढणारा सुई घेऊन कोपरला आला की तू नातवाला मिठाच्या पाटीखाली लपवतोस. त्याबद्दल आहे. वाचून दाखवणाऱ्याने एक शब्द गाळू नये. तुझी बायको नामीही ऐकायला असावी.

ठाण्याला सरकारी दवाखान्यात मी आधी देवी काढणाऱ्या साहेबाची पेटी उचलायचो. आठ मैल चालायचं, गावात शिरलं की दारं धडाधड बंद. साहेबानेच मला अक्षरं शिकवली, रजिस्टर भरता यावं म्हणून. मग सुई दिली. एका पोराच्या दंडावर फोड उठला की आठव्या दिवशी त्यातलं पाणी घेऊन दुसऱ्या पोराला टोचायचं. आया म्हणायच्या, पोराचा जीव काढून नेतो मेला. मिठाने फाटलेले माझे तळवे दवाखान्यात मऊ झाले, पण झोप कधी शांत लागली नाही. अजून लागत नाही.

पहिली ड्यूटी आपल्याच गावात लागली. कोणी पोर देईना. तेव्हा चांगुणाने आमची सखू पुढे केली. सगळ्या बायांसमोर म्हणाली, "माझीच टोचा आधी. मेली तर मी रडीन, तुमी नका रडू." सखूचा फोड उठला, तेव्हा नामीने तुमच्या लेकीचा, भागीचा हात पुढे केला. तू मिठागरावर होतास. सखूच्या दंडावरचं पाणी मी भागीला टोचलं.

मी पेटी बंद करतोय तोवर आईने चुलीतली राख घेतली आणि भागीचा दंड घासघासून पुसला. देवीचा कोप होऊ नये म्हणून. नामी पाणी आणायला आत गेलेली. मी बघितलं, चांगुणानेही बघितलं. आई म्हणाली, "टोचलंस ना? झालं तुझं. आता गप."

आठव्या दिवशी भागीचा दंड कोरा होता. परत टोचायला हवं होतं. पण बाप दारात उभा, आई माझ्याकडे बघतेय. मी रजिस्टरात लिहिलं, फोड उठला.

पुढच्या चैत्रात भागीला देवी आल्या. घरात फोडणी बंद, दाराला लिंबाचा पाला, आई हात जोडून बसलेली. नवव्या दिवशी भागी गेली. गाव म्हणालं, सुईने देवीला डिवचलं. तूही म्हणालास. सुईने नाही रे मारलं तिला. सुई लागलीच नव्हती.

आईचं नाव राखायला गप्प राहिलो, असं मी चांगुणाला सांगायचो. ते अर्धंच खरं. खोटं लिहिलं हे साहेबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. चांगुणा दर सणाला म्हणायची, "सांगा की भावजींना. मला घरी जायचंय." तिचं माहेर तुझ्या घरापासून चार घरं. तिची आई गेली तेव्हा ती वेशीवरून परत आली, कोणी आत घेतलं नाही. माझ्या खोट्यापायी. शेवटच्या तापातही तिला ठाणं घर वाटत नव्हतं. मला विचारत होती, भरती कधी आहे, होडी लागेल ना.

आता आई नाही, ती नाही, नोकरीही नाही. कोणाला झाकू?

सोमवारी येतो. माझे हात कापतात, मी टोचणार नाही. कल्याणचा नवा माणूस टोचेल. तू पोर दे. मी आठ दिवस तुझ्या पडवीत बसेन, त्या दंडाला कोणी हात लावू नये म्हणून. फोड उठला की मला हाकल, मी उठून जाईन. घर म्हणून तुझ्याकडे आता एवढीच आठ दिवसांची जागा मागतोय.