दहाव्याच्या दिवशी भोंगा

देवमनला कोणी विचारलं, आज पाऊस येईल का, तर तो आधी आभाळाकडे बघायचा, मग स्वतःच्या पायांकडे, आणि म्हणायचा, "येईन बी, नाही बी येनार." माझे सासरे जानराव पाटील या उत्तरावर भडकायचे. "अरे, एक काय ते सांग ना, बाबू." पण देवमन लबाड नव्हता. त्याला खरंच दोन्ही दिसायचं. आमच्याकडे असल्या माणसाला गोंधळ्या म्हणतात आणि हसून सोडून देतात. मीही हसायचे.

असा हा देवमन ग्रामपंचायतीचा शिपाई. बौद्धपुऱ्यातला, सातवी शिकलेला, चाळिशीचा, अंगानं वाळका. आमचं गाव कामरगावच्या अलीकडे, नदीच्या काठावर. आमचा सगळा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यातच होता. पंचायतीत सरकारी रेडिओ आला आणि छपरावर भोंगा बसला, तेव्हा किल्ली देवमनकडे दिली. भोंग्याचं बटण वेगळं होतं. ते दाबलं की रेडिओ गावभर बोलायचा, नदीपर्यंत ऐकू जायचं. भाव, बातम्या, हवामान, गाणी, सगळं त्यातून. फक्त माणसाला त्यातून बोलायची सोय नव्हती. बोलायचा डबा नंतर देऊ म्हणाले होते. तो आलाच नाही, आणि कोणाला त्याची आठवणही राहिली नाही. भोंगा आला म्हणून दवंडीही बंद पडली होती.

संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर देवमनसोबत एक म्हातारा बसलेला असायचा. ते ग्यानबामामा, माझ्या आजेसासूचे, गोमतीबाईंचे धाकटे भाऊ. बायको गेल्यापासून बहिणीकडेच राहायचे. रेडिओवर त्यांचा वेदवाक्यासारखा विश्वास. बातमी संपली की मामा विचारायचे, "देवमन, हे खरं असन काय?" देवमन म्हणायचा, "असन बी, मामा." मग दोघं बिडी ओढायचे. गावात काही लोकांना ते एका ओट्यावर बसणं खुपायचं. मामांनी त्यांना कधी भीक घातली नाही.

सत्त्याहत्तर की अठ्ठ्याहत्तर, भादव्याचे दिवस. गोमतीबाई गेल्या. आमच्या गावची रीत अशी, की कोणाचं गेलं की भोंगा बंद. दुःखाच्या घरावरून गाणं जाऊ नये. साध्या घरचं असलं तर तीन दिवस, पाटलाच्या घरचं असलं तर दहावा होईपर्यंत. ही रीत कोणी ठरवली माहीत नाही. भोंगा येऊन पुरती पाच वर्षं झाली नव्हती आणि रीत मात्र बापजाद्यांची असल्यासारखी पाळायचे.

दहाव्याला सगळे पुरुष नदीत उतरले. नदीत म्हणजे वाळूतच. पाणी घोट्याएवढं. ऊन कडक पडलेलं. डोकी भादरून झाली, पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कावळे होते, पण बाभळीवर. सासरे एकेक कबूल करू लागले, गाय विकणार नाही, लहान बहिणीला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय उठायचं नाही, तेव्हा सगळे वाळूत बसून राहिले.

इकडे देवमननं पंचायतीचं दार लोटून रेडिओ बारीक लावला होता, कान अगदी पेटीला. भोंग्याला बंदी होती, ऐकायला नव्हती. बातमीत सांगितलं की वरच्या भागात अतिवृष्टी झाली आहे, नद्या-नाले फुगले आहेत, काठच्या गावांनी सावध राहावं. कोणती नदी, ते सांगितलं नाही. आमच्या नदीला नकाशात नाव असेल, आम्ही तिला नदीच म्हणायचो.

देवमन आधी घरी गेला आणि बायकोला, पंचफुलाला म्हणाला, "पुऱ्यातले लोकं घेऊन शाळेत जाय." ती म्हणाली, "काहून?" तो म्हणाला, "मले बी समजून नाही राह्यलं. पन जाय." ती गेली. मग तो नदीवर गेला आणि जरा दूर उभा राहिला. त्या काळी असल्या वेळी त्याला दूरच उभं राहावं लागायचं.

"पाटील, रेडिओवर सांगून राह्यले का वरतं लई पानी झालं. नदीकाठच्या लोकाईनं सावध राहा."

"आपल्या नदीचं नाव घेतलं काय?"

"नाव नाही घेतलं."

"मंग आपलीच कायले असन?"

देवमननं वर बघितलं. आभाळ निळं. खाली बघितलं. "असन बी," तो म्हणाला, "नसन बी."

लोक हसले. दहाव्यालाही हसले. सासऱ्यांचा पारा चढला. "पिंड टाकून उठू काय तुह्या नसन बी वर? मायचा दहावा हाय हा."

ग्यानबामामांनी मात्र हाक मारली. "देवमन, तू जाय अन् पुन्हा आयक. खरंच तसं असन त लाव भोंगा. बंदी-फंदी राहू दे. बातमी आली का मी सगळ्याईले उठवतो." आपल्या बहिणीच्या दुःखात भोंगा लावायची परवानगी त्यांनी स्वतः दिली. सासऱ्यांनी मान फिरवली.

देवमन पळत परतला. पंचायतीसमोरच आमचं घर. मी ओट्यावरून त्याला बघितलं, धोतराचा सोगा हातात, तोंड पांढरंफटक. आता लावू की थांबू, हेच त्याला कळत नव्हतं. लावला आणि पूर आला नाही, तर पाटलाच्या दुःखात भोंगा वाजवणाऱ्याला नोकरी राहणार नव्हती. नाही लावला आणि आला, तर नदीत अख्खं गाव बसलेलं, माझा नवरा जगदेव त्यातच. दाराशी दोनदा आत-बाहेर करून शेवटी पुन्हा न ऐकताच त्यानं बटण दाबलं.

भोंग्यातून हळदीचं गाणं सुरू झालं.

बातम्या संपल्या होत्या. लग्नघरचं गाणं, सनई, हसणाऱ्या बायका, सगळं गावभर, नदीभर. माझ्या हातातली परात खाली पडली. मी ओरडले, "देवमनभाऊ, बंद करा ते." तो म्हणाला, "बातमी येईन ना आता, वैनी. येईन." आणि बटणावर हात ठेवून तसाच उभा. बंदही करेना.

नदीवर काय झालं ते जगदेवनं नंतर सांगितलं. सासरे आधी उठले. मग भाऊबंद उठले, मग सगळेच. मायच्या दहाव्याला हळद लावतो, याच्या तंगड्याच तोडतो, असं म्हणत ओली धोतरं सावरत सगळे चढण चढले. कावळा, पिंड, कोणाला काही आठवलं नाही. आमच्या ओट्यावरून मला ती गर्दी वर येताना दिसली. देवमनलाही दिसली असणार. त्यानं तेव्हा आवाज आणखी मोठा केला. घाबरून खुंटी चुकीच्या बाजूला फिरवली की मुद्दाम, ते मी आजही सांगू शकत नाही.

सासऱ्यांनी त्याची गचांडी धरली आणि दोन कानफटात मारल्या. तिसरी मारायला हात उचलला आणि नदीकडून आवाज आला. बैलगाड्या पुलावरून धावाव्या तसा. आम्ही सगळे वळलो. चढणीच्या तोंडापर्यंत गढूळ पाणी आलं होतं आणि त्यात अख्खी बाभूळ आडवी वाहत होती. सासऱ्यांचा हात खाली आला. भोंगा चालूच होता.

मग कोणीतरी म्हणालं, "ग्यानबामामा?"

देवला न्हावी सगळ्यात शेवटी वर आला होता. तो रडत रडत बोलला. "मी म्हटलं मामा, चाला. त मामा म्हने, गानं लागलं म्हंजे भेव नाही. भेव असतं त देवमननं बातमी लावली असती. तुमी जा, त्याले मारू नका. मी बसतो कावळ्याची वाट पाहात."

ग्यानबामामा दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडले.

पुरानं काठची घरं नेली, बौद्धपुराही अर्धा नेला, पण तिथलं माणूस एकही गेलं नाही. पुढे धान्य कुठे मिळणार, दवाखान्याची गाडी कधी येणार, हे सगळं भोंग्यावरच कळायचं. त्याखाली लोक पावसात उभे राहायचे. बातमी संपून गाणं लागायच्या आत देवमन बटण बंद करायचा. पोरं शिव्या द्यायची. तो गाणं लागू द्यायचा नाही म्हणजे नाही.

मामांचा दहावा घरच्या विहिरीवर केला. भोंगा त्या दिवशी चालू ठेवा, असं सासऱ्यांनीच सांगितलं. संध्याकाळी त्यांनी देवमनला बोलावून ओसरीवर आपल्या शेजारी बसवलं. नवी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला. ज्या हातांनी मारलं तेच हात जोडले. माझे सासरे कोणापुढे हात जोडणारे नव्हते. म्हणाले, "देवमन, तुह्या गान्यानं गाव उठलं. नाही त आमी सारे गेलो होतो."

देवमननं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पाटील," तो म्हणाला, "तुमाले त्या गान्यानं उठवलं. मंग मामाले मीच बसवलं का?"

पहिल्यांदा तो एकच काही विचारत होता, आणि त्याचं एकच उत्तर त्याला हवं होतं. सासरे दाराकडे बघायला लागले. मग माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपबश्या उचलल्या आणि आत गेले.