आधी ब्लँकेट, मग प्रार्थना

प्रिय बंधुभगिनींनो,

आज सकाळी आपल्या चर्चतर्फे सालेकसा तालुक्यातील पूरग्रस्त टोल्यावर, म्हणजे एका छोट्या वस्तीवर, ब्लँकेट आणि मुलांसाठी दूधपावडर घेऊन गेलो. हे काम माझी पत्नी मार्था करीत असे. तिच्या निधनानंतर ते प्रथमच माझ्याकडे आले.

रांग लागताच सर्वांना हात जोडायला सांगून मी प्रार्थना केली. डोळे उघडले, तेव्हा ताप आलेल्या मुलीला कडेवर घेऊन एक आई रिकाम्या हाताने परत निघाली होती. मी एक ब्लँकेट घेऊन तिच्यामागे धावलो.

"बाई, का निघालात?"

"आमी देव बदलवत नाई, साहेब."

"तशी काही अट नाही."

"मंग हात कायले जोडायले लावले? तुमची बाई तं पयले वाटे. थे काऊन नाई आली?"

"ती आता या जगात नाही."

ती माघारी वळली. मग माझ्या हातातील ब्लँकेट घेऊन तिने मुलीला गुंडाळले. "मंग तुमी तरी तिच्यावानी करा."

मार्था वाटप संपल्यावर, परतताना गाडीत प्रार्थना करीत असे. त्यावरून मी तिला नेहमी टोकत असे. आज तिच्या रिकाम्या आसनाशेजारी बसून मी तशीच प्रार्थना केली.

देण्यापूर्वी आपण समोरच्याकडून नकळत काय मागतो, याचा आपण कधी विचार केला आहे का?