लेकीच्या नावाचं इंजेक्शन

माझ्या मुलीला शेंगदाणे चालत नाहीत. दोन वर्षांची असताना तिने चिमूटभर कूट घातलेली कोशिंबीर खाल्ली आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. तेव्हापासून आमच्या घरात कूट येत नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली, मांडीत दाबली की औषध सोडणारी इंजेक्शनची दोन पेनं मात्र कायम हाताशी असतात. एक तिच्या चाइल्डकेअरमध्ये, आमच्या सहीच्या फॉर्मसकट. तिथे फॉर्मशिवाय तापाचं औषधसुद्धा देत नाहीत. दुसरं माझ्या पर्समध्ये. दोन्हींवर तिचं नाव.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी सायकली चालवून आम्ही तिघं हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, टेकलो. मुलगी पाच वर्षांची, डबा घरचा. शेजारच्या टेबलावर एक चिनी आजी नातीला साते, काडीवर भाजलेलं मांस, भरवायला लागली, दाण्याच्या सॉसमध्ये बुडवून. मी लगेच डबा आवरायला घेतला.

तेवढ्यात ती नात खोकली. मग ओकली. आजी पाणी पाजू लागली. मी वळून पाहिलं तर पोरीच्या मानेवर गांधी उठल्या होत्या, ओठ फुगले होते. ती काहीतरी बोलली तो आवाज घोगरा, म्हाताऱ्या माणसासारखा. तो आवाज मी एकदा ऐकला होता.

नवऱ्याने अॅम्ब्युलन्सचा नंबर, ९९५, फिरवला. अॅम्ब्युलन्स निघाली होती. मी पर्समधून पेन काढलं, तसा त्याने माझा हात धरला.

"अगं, ते प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. दुसऱ्याच्या मुलीला कसं देणार? तिला काही झालं तर? आपण इथे परके, नोकरीच्या पासवर आहोत."

तो चुकीचं बोलत नव्हता. इथला कायदा काय म्हणतो हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगते, मला त्याहून मोठी भीती वेगळीच होती. हे एक वापरलं की माझ्या लेकीसाठी इथे काहीच नाही. तिला आत्ता, या दाण्यांच्या वासात काही झालं, तर माझ्या हातात काय उरेल?

"दॅट वन इज माइन," लेक म्हणाली.

मी थबकले. किती वेळ, ते आजही सांगता येत नाही. कदाचित चार सेकंद.

आजीला इंग्रजी जेमतेम येत होतं. तिने पोरीच्या आईला फोन लावून माझ्या कानाला धरला. मी एका दमात सांगितलं: दाण्यांची अॅलर्जी वाटते, माझ्याकडे इंजेक्शन आहे, पण ते माझ्या मुलीचं आहे, मी डॉक्टर नाही.

पलीकडून किंकाळीच आली, "द्या! प्लीज द्या!"

पोरीला बाकावर आडवं केलं. आजीने पाय धरले. मी फ्रॉकवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन दाबलं. खट्कन आवाज झाला. मी मोठ्याने आकडे मोजत होते आणि मोजता मोजता चुकत होते.

काही मिनिटांनी ती रडली. पूर्ण, खणखणीत रडली.

अॅम्ब्युलन्सवाल्याने फक्त विचारलं, "किती वाजता दिलं?" मला वेळ सांगता येईना, नवऱ्याने सांगितली. त्यानेच ती फोनमध्ये लिहून ठेवली होती. पोरीला, आजीला आणि वापरलेलं पेन घेऊन ते गेले.

आम्ही टॅक्सीने घरी आलो. रात्री लेकीला नुसता वरणभात दिला, आणि नवीन पेन मिळेपर्यंत मी तिच्याजवळून हलले नाही. दारावरची बेल वाजली की वाटायचं, पोलीस आले. कोणी आलं नाही. लेकीच्या डॉक्टरांना मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कायद्याचं वकिलाला विचारा. पोरगी वाचली, एवढं मी सांगू शकते." आणि दोनाऐवजी तीन पेनं लिहून दिली.

आजीने जाताना माझा नंबर घेतला होता; त्यावर पत्ता विचारून त्या पोरीची आई मंगळवारी भेटायला आली. दारातच माझे दोन्ही हात धरून रडली. मला तिला सांगायचं होतं, की मी थांबले होते, आधी माझ्या लेकीचा विचार केला होता. ते मात्र मला सांगता आलं नाही. मी तिला चहा दिला.