स्टिकरवर स्टिकर

बाबांचं आर्वीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ घेऊन कुणी येईना, तेव्हा घरात दोन्ही वेळ भाकर-चटणीच असे. मग बाबांनी टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी ठेवल्या. जुनी आणून द्यायची, थोडे पैसे वर देऊन दुसरी न्यायची. पोरांची झुंबड उडाली. परत आलेली प्रत्येक कॅसेट बाबा पुसून, लावून पाहत आणि तपासल्याची खूण म्हणून तिच्यावर दुकानाचा नवा स्टिकर चिकटवत.

नव्या कॅसेटी पुरवणारा नागपूरचा ठोक व्यापारी आला, तेव्हा बाबांनी तशी एक कॅसेट कौतुकानं त्याला दाखवली. स्टिकरवर स्टिकर बसून ती जाड झाली होती.

"वा भाऊ! एकच कॅसेट सारी आर्वी खेळून राह्यली. मंग बनवणाऱ्यानं काय खावं? न् मी काय खाऊ?"

"जुनी देऊनच पोरं नवी घेतात, शेठ. नाई तर पैसे कोठून आणतीन?"

त्यानं नवा माल बंद केला. नव्याशिवाय जुन्याही फिरेनात. खेळून झालेल्या कॅसेटी कोण नेणार? दुकान गेलं. बाबा दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागले. कोण बरोबर होतं, ते मला शिकूनही सांगता येत नाही. मी वर्ध्याला बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी.